दरडीखाली कोण राहतो? पहिली पट्टी कोण बांधतो?

पावसाळा लागला की प्रस्थापित वर्तमानपत्रांत मावळाचे एकच चित्र छापून येते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणारी गर्दी, खंडाळ्याच्या घाटातले धुके आणि हातात भाजलेले कणीस. या चित्रात आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातला कातकरी, ठाकर, महादेव कोळी कुठेच नसतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला बौद्ध आणि मातंग, लोणावळ्याच्या हॉटेलात भांडी घासणारी बाई, नगरपालिकेचा सफाई कामगार हेही नसतात. ही माणसे छापून येतात ती दरड कोसळल्यावर, मृतांच्या आकड्यात. त्या दिवशी मग सगळ्या पक्षांचे पुढारी एकच वाक्य बोलतात : आपत्ती जात पाहत नाही.

वाक्य ऐकायला गोड आहे, पण अर्धेच खरे आहे. डोंगराच्या पोटाला कोणाची वाडी असते? नदीच्या पूररेषेत कोणाची झोपडी असते? ज्याच्या हाती सातबारा त्याने सपाट जमीन धरली आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते तो उतारावर गेला. दरड जात पाहत नसेल, पण दरडीखाली कोणी राहायचे हे या देशातल्या विषमतेने फार आधी ठरवून ठेवलेले आहे. हा मुद्दा चळवळीच्या वाचकांना नवा नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दरड कोसळली, पूल पडला, पाणी घरात शिरले. त्यातून जो माणूस जिवंत निघाला त्याला जिवंत ठेवणार कोण? त्यासाठी शिकवून तयार केलेले हात कुठे आहेत? आणि ते हात कोणाचे आहेत?

गेल्या काही वर्षांतल्या घटना समोर ठेवू. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आपल्याच पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे मेली. गाव गेले ही बातमी बाहेर पोचली ती एका एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला तर समोर गावच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री लोणावळ्याच्या घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत; चार दिवसांनी शोध थांबवून त्यांना मृत ठरवले गेले. वाडीला रस्ता नव्हता. यंत्र वर नेता येईना म्हणून माणसांनी फावड्या-कुदळीने माती उपसली. मदतीसाठी रात्री डोंगर चढताना अग्निशमन दलाचा एक जवान हृदयविकाराच्या झटक्याने गेला. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे सरकारने विधिमंडळात सांगितले.

खुद्द मावळातही हेच सुरू आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार लेकरे होती. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत कोसळला. चौघे मेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक होता हे आधीच ठाऊक होते. अशा प्रत्येक घटनेत पहिला अर्धा तास असतो तो जवळ असलेल्या माणसांचा. पथक कितीही तत्पर असो, ते वाटेत असते. त्या अर्ध्या तासात जखमीची मान सरळ धरायची की नाही, पाण्यातून काढलेल्याच्या पोटावर दाबायचे की आधी तोंडाने श्वास द्यायचा, वाहणारे रक्त कसे थांबवायचे, हे ज्याला येते तो जीव वाचवतो. ज्याला येत नाही तो चांगल्या मनाने, धावपळीत, जखमीचे हातपाय धरून त्याला उचलतो आणि मोडलेला कणा कायमचा निकामी करतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मावळ हा काही साधनांनी कोरडा तालुका नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन याच तालुक्यात सुदुंबरे येथे आहे. लोणावळ्यात नौदलाचे आयएनएस शिवाजी हे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. अणु, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव कसा करावा याचे धडे तिथे दिले जातात. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेची गिर्यारोहक पोरे रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात आणि त्याबद्दल एक पैसा घेत नाहीत. कार्ला, खडकाळा यांसारख्या ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, वाडी-वस्तीवर आशा ताई आहेत. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. एवढे सगळे एका तालुक्याच्या आवाक्यात असणे हे महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. मग कमतरता कशाची? बचावाचे शिक्षण एकीकडे, डॉक्टरकीचे शिक्षण दुसरीकडे आणि दरडीखाली राहणारा माणूस तिसरीकडे. या तिघांना एका वर्गात बसवणारी कायमची व्यवस्था, ही कमतरता आहे.

शिकवलेले हात असले म्हणजे काय होते आणि नसले म्हणजे काय होते, हे जगाने दोन ठिकाणी पाहिले आहे. दोन्हीकडे रोग एकच होता, पटकी म्हणजे कॉलरा. दोन्हीकडे लाखो निर्वासित होते. पण निकाल वेगळा लागला.

पहिले ठिकाण पश्चिम बंगालमधले बनगाव. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेले लोक तिथल्या छावण्यांत दाटीवाटीने राहत होते. पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. रुग्ण उलटी-जुलाबाच्या थारोळ्यात जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्या वेळी धाडस केले. मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या आई-बापांना, भावा-बहिणींना सांगितले, की हे पाणी कपाने पाजत राहा. ना पदवी, ना प्रमाणपत्र. नातेवाईकांनी पाजले. जिथे शंभरातले तीस मरत होते तिथे मरणाऱ्यांचा आकडा चारच्या आत आला. हीच आपली जलसंजीवनी, जी आज ओआरएसच्या पुडीत मिळते. आईला शिकवले आणि तिने लेकरू वाचवले, एवढी साधी ही गोष्ट आहे.

दुसरे ठिकाण आफ्रिकेतले गोमा. १९९४ साली रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून गोमा शहराभोवती जमले. पहिल्या महिन्याभरातच सुमारे ५० हजार माणसे मेली, बहुतेक पटकी आणि रक्ती आवेने. मदतीला जगभरच्या संस्था होत्या, डॉक्टर होते, विमानातून औषधे उतरत होती. तरी उपचार केंद्रांतही माणसे मरत राहिली. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेचे अनुभवी पथक तिथे गेले तेव्हा कारण सापडले. रुग्णाच्या शरीरात पाणी भरण्याचा वेग कमी होता, जलसंजीवनीचा वापर पुरेसा होत नव्हता, चुकीचे सलाईन लावले जात होते आणि काम करणाऱ्यांना पटकीचा अनुभव नव्हता. मनात दया होती, हातात औषध होते, शिक्षण नव्हते. गरीब बांगलादेशातल्या डॉक्टरांनी श्रीमंत देशांच्या डॉक्टरांना पटकीचा उपचार शिकवावा, ही गोष्ट आपण मुद्दाम ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याने सोसले आहे तो चांगला शिक्षक होतो.

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने असे खास शिक्षण १९८६ पासून सुरू केले आहे. गोम्याच्या धक्क्यानंतर तर १९९७ पासून मदतकार्याची किमान मानके लिहिण्याचे काम सुरू झाले. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, ठरावीक माणसांमागे एक संडास, लेकरांना सर्वांत आधी गोवरची लस. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१६ साली अशी किमान मानके काढली. म्हणजे हे ज्ञान आहे, कागदावर आहे, आपल्या देशात आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापनाचा धडाही आहे. पण परीक्षेत चार गुणांचे उत्तर लिहिणे वेगळे आणि चिखलात, अंधारात, मोबाईलला रेंज नसताना चाळीस जखमींतून आधी कोणाला उचलायचे हे ठरवणे वेगळे.

हे ठरवण्यालाच ट्रायेज म्हणतात. आपण त्याला वर्गवारी म्हणू. जो आत्ता उपचार मिळाला तर वाचेल त्याला लाल चिठ्ठी, जो थोडा थांबू शकतो त्याला पिवळी, जो चालू शकतो त्याला हिरवी आणि ज्याच्यासाठी काही करता येत नाही त्याला काळी. ओरडणाऱ्याला आधी नाही, ओळखीच्याला आधी नाही, सरपंचाच्या पाहुण्याला आधी नाही. ज्या देशाने हजारो वर्षे माणसांची वर्गवारी जन्मावरून केली, त्या देशात जखमेवरून वर्गवारी करायला शिकवणे हे नुसते वैद्यकीय शिक्षण नाही. ते समतेचे शिक्षण आहे. मोठ्या घरचा हिरवी चिठ्ठीवाला बाजूला बसवून कातकऱ्याच्या लाल चिठ्ठीवाल्या लेकराला आधी गाडीत घालायची हिंमत आपोआप येत नाही. ती घोटून घ्यावी लागते.

अशा आणखी कितीतरी गोष्टी आहेत ज्या डॉक्टरलाही मुद्दाम शिकाव्या लागतात. ढिगाऱ्याखाली तासन् तास पाय दबलेल्या माणसाला एकदम ओढून बाहेर काढले तर चिरडलेल्या स्नायूंतले विष रक्तात उतरते, मूत्रपिंड बंद पडते, आणि वाचलेला माणूस तासाभरात जातो. म्हणून दगड उचलण्याआधीच सलाईन सुरू करावे लागते. पुरानंतर चिखलात काम केलेल्यांना लेप्टोचा ताप येतो. निवाऱ्यात आणलेल्या माणसांच्या क्षयरोगाच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या घराबरोबर गाडल्या गेलेल्या असतात; त्या पुन्हा सुरू केल्या नाहीत तर दरडीतून वाचलेला माणूस महिन्याभराने गोळीवाचून मरतो आणि त्याचे नाव कोणत्याही यादीत येत नाही. नवव्या महिन्यातल्या बाईचे बाळंतपण दरडीसाठी थांबत नाही. आणि ज्याचे अख्खे घर गेले त्याच्याशी बोलायचे कसे, हेही शिकावे लागते. त्याला माईकपुढे उभे करून 'कसे वाटते' विचारणे म्हणजे दिलासा नव्हे.

आता चळवळीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. पहिल्या दिवशी माणुसकी असते. इर्शाळवाडीत माती उपसणाऱ्यांनी कोणाची जात विचारली नाही, त्या सर्वांना आपला मानाचा जयभीम आहे. जात येते ती तिसऱ्या दिवशी. छावणी लागते तेव्हा. टँकर येतो तेव्हा. पंचनाम्याची यादी होते तेव्हा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनममध्ये दलितांना निवाऱ्यांत इतरांबरोबर राहू दिले नाही, पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवले, मदतीच्या यादीतून गाळले, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवल्या आहेत. किनाऱ्यावरची प्रेते उचलायला मात्र इतर शहरांतून नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या जातीचे होते हे सांगायला नको. मेलेल्याला हात लावायला दलित चालतो आणि जिवंत दलिताने नळाला हात लावलेला चालत नाही! महाडच्या चवदार तळ्याला १९२७ साली बाबासाहेबांनी जो प्रश्न विचारला तो टँकरच्या तोटीपाशी पुन्हा उभा राहतो.

कायदा काय म्हणतो? आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ६१ स्पष्ट आहे : मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. त्याच कायद्याचे कलम १२ निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवायला सांगते. आता कोणत्याही मॉक ड्रिलला जा आणि विचारा, कलम ६१ चे शिक्षण किती मिनिटे दिले? दोर कसा बांधायचा हे शिकवतात, आणि शिकवलेच पाहिजे. पण पाण्याची टाकी कुठे ठेवली म्हणजे वस्तीच्या बाईला कोणाच्या अंगणातून जावे लागणार नाही, संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा का हवा, कातकरी पाड्यावर यादी करायला कोणी गेले का, हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत. जिला नळावर जाऊ दिले नाही ती ओढ्याचे पाणी भरते आणि तिच्या लेकराला हगवण लागते. जिला अंधारात संडासाला जायची भीती वाटते ती दिवसभर पाणी पीत नाही आणि आजारी पडते. भेदभाव हा रोगाचे कारण आहे, हे आरोग्य कर्मचाऱ्याला शिकवलेच पाहिजे.

सफाई कामगाराबद्दल तर वेगळे बोलावे लागेल. मृतदेह कुजले की रोगराई पसरते, असा समज प्रत्येक दुर्घटनेनंतर पसरवला जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नैसर्गिक आपत्तीत मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ येते हा समज खरा नाही. पटकीसारख्या रोगाने मेलेल्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा घाईने सामुदायिक दहन-दफन करण्याचे कारण नाही, आणि आपल्या माणसाची ओळख पटवून त्याला निरोप देण्याचा हक्क घरच्यांना आहे. धोका असतो तो प्रेते हाताळणाऱ्याला. त्याला हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची आणि काविळीची लस, आणि काम संपल्यावर अंघोळीला साबण-पाणी मिळाले पाहिजे. जो हे काम करतो तो आरोग्य पथकाचा सदस्य आहे. त्याला प्रशिक्षणात पहिल्या रांगेत खुर्ची हवी. प्रशिक्षण साहेबांना आणि घाण सफाईवाल्याला, ही वाटणी म्हणजे वर्णव्यवस्थाच आहे, फक्त तिने सरकारी जाकीट घातले आहे.

काही जण म्हणतील, संकटात जातीचा विषय कशाला काढता? आम्ही काढत नाही, तो तिथे असतोच. न शिकवता तो जात नाही. काही म्हणतील, हे काम डॉक्टरांचे, अडाणी माणसाला काय जमणार? त्यांना बनगावची आई दाखवा. आणि काही आपलेच कार्यकर्ते म्हणतील, चळवळीचा आणि पट्टी बांधण्याचा संबंध काय? त्यांनी आपला इतिहास पुन्हा वाचावा.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकार घरे झडत होते, लोक पळत होते. सावित्रीमाई मात्र पळाल्या नाहीत. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता; हडपसरच्या बाजूला माळावर त्याचा दवाखाना उभा केला आणि माई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला आणि १० मार्च १८९७ रोजी माई त्याच प्लेगने गेल्या. शाळा काढणारी बाई साथीच्या दिवसांत रुग्ण वाहते, कारण तिच्या लेखी शिक्षण आणि सेवा ही दोन कामे नव्हती.

त्याहून मागे जा. विनयपिटकात प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. आणि मग संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. तथागत तिथेच थांबले नाहीत. शुश्रूषा करणाऱ्याचे गुण त्यांनी मोजून सांगितले : औषध तयार करता यावे, काय हितकर आणि काय अहितकर ते कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र आणि उलटी काढताना किळस येऊ नये, आणि आजाऱ्याला धीर देणारे बोलता यावे. नीट पाहा, हा करुणेवरचा नुसता उपदेश नाही. हा अभ्यासक्रम आहे. करुणा पुरेशी नाही, ती करता आली पाहिजे, असे सांगणारा धम्म आपला आहे. याच मावळात कार्ले, भाजे, बेडसे येथे भिक्खू संघ राहिला. भाज्याला पाण्याच्या टाक्याच्या, म्हणजे पोढीच्या, दानाचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटवाटेवर चालणाऱ्याच्या तहानेचा विचार झाला होता. आज त्याच घाटात दरडीखाली राहणाऱ्याचा विचार व्हायला नको का?

मग करायचे काय? मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, दरवर्षी पावसाळ्याआधी मावळ तालुक्याच्या पातळीवर संयुक्त आरोग्य-आपत्ती प्रशिक्षण व्हावे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, परिचारिका, आशा ताई, १०८ चे कर्मचारी, तळेगावच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी, सुदुंबऱ्याचे जवान आणि लोणावळ्याचे गिर्यारोहक एकत्र शिकावेत. फोटोपुरते नाही, रात्रीच्या पावसात, खऱ्या वाडीवर. दुसरी, दरडप्रवण यादीतली आणि यादीत नसलेली प्रत्येक वाडी, पाडा, वस्ती येथून एक मुलगा आणि एक मुलगी निवडून त्यांना हे शिक्षण द्यावे आणि बुडालेल्या मजुरीएवढे मानधन द्यावे. रोज कमवून रोज खाणारा बारा दिवस फुकट शिकायला येऊ शकत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने योजना आखूच नये. तिसरी, कलम ६१ आणि किमान मानके हा प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग असावा. चौथी, सफाई कामगारांना साधने, लसी आणि पथकात समान स्थान मिळावे. पाचवी, प्रत्येक वाडीवर स्ट्रेचर, प्रथमोपचार पेटी आणि जलसंजीवनीचा साठा असावा. पेशंट झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो तिथे निदान झोळी वाहणाऱ्याला मान कशी धरायची ते माहीत असावे. आपल्या वाडीतल्या किती जणांना आजवर असे शिक्षण मिळाले, त्यांची नावे काय, हे ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारा.

पण सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले ते शिस्तीसाठी आणि समाजाच्या रक्षणासाठी. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनाला दीक्षाभूमीवर आपले लाखो बांधव जमतात. मावळाच्या वेशीवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथेही दरवर्षी या दिवशी हजारोंची रीघ लागते. एवढी गर्दी म्हणजे चेंगराचेंगरीची, चक्कर येण्याची, हृदयविकाराची शक्यता. तिथे शिट्टी वाजवणारा प्रत्येक सैनिक छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालवायला शिकलेला असला पाहिजे. आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, फार्मसीवाले आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार विहाराला द्यावा. विहारात वंदनेनंतर एक तास : आज रक्त थांबवणे, पुढच्या रविवारी सर्पदंश, त्यापुढे जलसंजीवनी. विहाराच्या कपाटात एक वही असावी. वस्तीत गरोदर बाई कोण, अंथरुणाला खिळलेले म्हातारे कोण, क्षयाची गोळी कोणाची चालू आहे. पाणी चढायला लागले की आधी त्यांना उचलायचे. याला निधी लागत नाही, सवय लागते.

'शिका' हा शब्द आपण भिंतीवर लिहिला, बॅनरवर लिहिला, पोरांच्या दप्तरावर लिहिला. त्या शब्दामुळे आपण वर्गात शिरलो, कचेरीत शिरलो, दवाखान्यात शिरलो. आता तो शब्द दरडीखालच्या वाडीपर्यंत न्यायचा आहे. उद्या मावळात पुन्हा डोंगर खचला तर सरकारी गाडी येण्याआधी ज्याचा हात ढिगाऱ्यातल्या माणसापर्यंत पोचेल तो कातकरी पोराचा असेल, वस्तीतल्या पोरीचा असेल. तो हात शिकलेला असला पाहिजे. पाऊस वेळेवर येतोच. प्रशिक्षणाची तारीख आपण ठरवायची आहे.

जयभीम!